जमीन मोकळी राखायची तर कोणता दस्त करावा?

नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. या पट्ट्यात ज्या बंधूंची वडिलोपार्जित जागा, विहीर किंवा आमराई आहे, त्यांतील काहींना मनापासून वाटते की ती आपल्या पश्चातही मोकळी राहावी. पण मालकाने डोळे मिटले की वाटणी होते आणि बिल्डरचा फलक लागतो. हे कायद्याने रोखता येते का, ते आपण पाहू.

अमेरिकेत यासाठी वेगळा दस्त आहे. मालक जमीन विकत नाही. फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क कायमचा सोडतो आणि ती अट सांभाळण्याचे काम एखाद्या संस्थेकडे किंवा सरकारकडे देतो. जमीन कसता येते, विकताही येते. मात्र पुढच्या प्रत्येक मालकावर अट बंधनकारक राहते. १९८१ मध्ये तिथे याचा नमुना कायदा तयार झाला. अटी पाळल्यास आयकरात सवलतही मिळते.

आपल्याकडे १८८२ चा ईझमेंट कायदा आहे. फिकहमध्ये ज्याला हक्क-ए-इर्तिफाक म्हणतात, तोच हा वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा हक्क. पण तो एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. एखाद्या संस्थेची शेजारी जमीन नसेल तर तिला असा हक्क देता येत नाही. मात्र शेजारी-शेजारी असलेले दोन भाऊ, विहिरीच्या बाजूला कोणीही बांधकाम करणार नाही, असा करार करू शकतात. तो रजिस्टर करावा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

हिब्यात ‘कधी विकू नये’ अशी अट घातली तर हिबा टिकतो, अट टिकत नाही. वसियत एकतृतीयांशापुरतीच चालते. त्यापुढे वारसांची संमती लागते.

खरा जुना मार्ग वक्फचा. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन अशी राखली की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसातही जायची नाही; उत्पन्न मात्र गरीब, नातेवाईक आणि मुसाफिरांना. आजही ‘झाडे राखावीत, फळांचे उत्पन्न गरीब विद्यार्थ्यांना द्यावे’ अशा शर्ती वक्फनाम्यात लिहिता येतात. पण ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार लेखी वक्फनामा व नोंदणी आवश्यक आहे. वक्फ-अलल-औलाद करून मुलींचा वारसाहक्क बुडवता येत नाही. पाच वर्षे इस्लामचे पालन दाखवण्याच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी, नियम होईपर्यंत, स्थगिती दिली.

वक्फ केला की मालकी परत येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. आणि मुतवल्ली कमकुवत निघाला तर चांगला वक्फनामाही कागदावरच राहतो.

वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने खासगी मालकालाही स्वखुशीने आपली जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेता येते. परंतु ते वन्यजीवांच्या अधिवासासाठी आहे. चार गुंठ्यांच्या आमराईला उपयोगी नाही.

स्वखुशीचा सोपा रस्ता नसला की सरकार आरक्षण टाकते. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले आणि २०१५ मध्ये सरकारने मोबदला ठरवला फक्त ८ टक्के टीडीआर. मालकांची नाराजी समजण्यासारखी आहे.

एक इशारा. यातला कोणताही दस्त सरकारी भूसंपादन थांबवू शकत नाही. १९६१ च्या कायद्याने एमआयडीसीसाठी जमीन घेता येते, आणि वक्फची जमीनही संपादनातून सुटत नाही.

तेव्हा ज्यांना जागा राखायची आहे त्यांनी आधी सातबारा आपल्या नावावर साफ करावा, मोजणी करून घ्यावी. मग मुलगे आणि मुली दोघांनाही समोर बसवून मनातले सांगावे. त्यानंतर वकील आणि जाणकार आलिम, दोघांना विचारून दस्त करावा. हे काम हयातीतच होते. मागे राहिलेल्यांवर सोडले तर निर्णय बाजारभावच घेतो.