दशांश गुणाचं भांडण

१९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहराच्या स्टेडियमवर ड्रम कोअर स्पर्धेची अंतिम फेरी झाली. कॅडेट्सना ९७.४ गुण मिळाले, स्टार ऑफ इंडियानाला ९७.३. या एका दशांशावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते मिटावं असं भांडणाऱ्यांनाही वाटत नसावं.

ड्रम कोअर हा मार्चिंग बँडचाच भाऊबंद, पण त्यात बासरी-क्लॅरिनेटला जागा नाही. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली फिरवणारा कलर गार्ड, एवढाच संसार. बाविशीच्या आतली दीडशेच्या आसपास मुलंमुली सगळा उन्हाळा बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर पथारी पसरतात, दिवसभर उन्हात तालीम आणि रात्री स्पर्धा. हंगामभर एकच कार्यक्रम, दहा-बारा मिनिटांचा. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी झाली की तो कायमचा मोडीत निघतो. पुढच्या वर्षी संगीत नवं, मैदानावरच्या रचना नव्या, आणि वयाची अट ओलांडलेली मुलं बाहेर. नाटकाचे निदान पुढे प्रयोग होतात. इथे मागे उरतात ते एक ध्वनिमुद्रण, एक चित्रफीत आणि एक आकडा. वाद त्या आकड्याशी होतो.

आकडा कसा ठरायचा, तिथून सुरुवात करावी लागते. ही मंडळं मूळची चर्च, स्काउट आणि माजी सैनिकांच्या स्थानिक शाखा यांच्या आश्रयाने वाढलेली. कॅडेट्सची स्थापना १९३४ मध्ये न्यू जर्सीतल्या गारफील्डच्या एका चर्चमध्ये झाली. राष्ट्रीय स्पर्धा माजी सैनिकांच्या संघटना भरवायच्या, त्यामुळे नियमही लष्करी थाटाचे. मैदानाच्या एका टोकाच्या रेषेवरून निघायचं, दुसऱ्या टोकाला संपवायचं, राष्ट्रध्वजाचा मान ठेवण्यात चूक झाली तर दंड. आणि ‘टिक’. परीक्षक हातात पॅड-पेन्सिल घेऊन रांगांमध्ये शिरायचा, स्नेअर ड्रमवाल्यांच्या अगदी कानाशी उभा राहायचा आणि एकाची काठी बाकीच्यांच्या आधी पडली की कागदावर रेघ मारायचा. एक रेघ म्हणजे एक दशांश गुण वजा. सुरुवात पूर्ण गुणांनी, मग घसरण. परिणामासाठी वेगळे गुण असत, पण मुलांच्या मनात भीती रेघेची.

टिकचे चाहते आजही सांगतात की ती पद्धत वस्तुनिष्ठ होती, चूक मोजता येत होती. मला हे कधीच पटलेलं नाही. परीक्षक जिथे उभा असेल तिथलीच चूक मोजली जाणार. मैदान शंभर यार्डांचं, माणूस एक. शिवाय सोपं वाजवणाऱ्याच्या चुका कमी होणारच, म्हणजे धाडस करणारा आपल्याच हाताने गुण घालवून बसणार. टिकमुळे रांगा सरळ झाल्या हे खरं, पण बरीच वर्षं त्या सरळच राहिल्या.

बंड आधी कार्यक्रमांत दिसलं. १९७१ मध्ये कॅव्हेलिअर्सनी मैदानावर सर्कस उभी केली, मॅडिसन स्काउट्सनी ॲलिसची गोष्ट सांगितली आणि व्हिएतनाम युद्ध चालू असताना गारफील्डच्या पोरांनी, म्हणजे कॅडेट्सनी, शांततेचं चिन्ह रेखलं. माजी सैनिकांच्या स्पर्धेत वाढलेल्या मंडळींनी! त्याच सुमारास पाच मंडळांनी एकत्र येऊन स्वतःची वाट धरली आणि ड्रम कोअर्स इंटरनॅशनल उभी राहिली. तिचं पहिलं अजिंक्यपद १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झालं, ते ॲनाहाइम किंग्समनने जिंकलं. नियम आता स्पर्धकांच्याच हातात आले, तरी टिक आणखी दशकभर टिकून राहिला.

त्याला धक्का दिला तो पुन्हा गारफील्डनेच. १९८३ मध्ये जॉर्ज झिंगाली यांनी त्यांच्यासाठी केलेल्या मैदानी रचना पाहिल्या की आधीची दहा वर्षं एकदम जुनी वाटायला लागतात. मैदानाचे दोन अर्धे एकमेकांचं प्रतिबिंब असण्याचा रिवाज त्यांनी मोडला. आकृती वाहती झाली, एका कोपऱ्यातून पिळवटून दुसरीकडे सरकू लागली, तीही रॉन नेल्सन यांच्या ‘रॉकी पॉइंट हॉलिडे’च्या पळत्या लयीत. अशा रचनेत चूक शोधणार कशी? रांगच नाही, तर वाकडी कोणती म्हणणार? मायामीत त्या वर्षी गारफील्ड जिंकलं, अमेरिकेच्या पूर्व भागातलं पहिलं विजेतं मंडळ ठरलं, आणि पुढची दोन वर्षंही जिंकलं. १९८४ पासून टिक गेला. गुण वजा करण्याऐवजी शून्यापासून चढवायचे, मजकूर काय आहे आणि तो किती साधला, दोन्ही तोलायचं, अशी नवी रीत आली. त्याच वर्षी गारफील्डने ‘वेस्ट साइड स्टोरी’वर ९८ गुण मिळवले. १९८३ आणि १९८४ या दोन वर्षांत श्रेष्ठ कोणतं, हा वाद आकड्यांवरून घालणं व्यर्थ आहे, कारण मधल्या हिवाळ्यात मोजपट्टीच बदलली. तरी लोक घालतात.

आजच्या शीटवर शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. दृश्य आणि संगीत या दोन्हींत तीन-तीन रकाने, प्रत्येक वीस गुणांचा, आणि बेरीज निम्मी करायची. परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच बोलत असतो, पूर्वी कॅसेटवर, आता डिजिटल यंत्रात, आणि ते बोलणं शिक्षकांकडे जातं. हे ऐकण्यासारखं असतं. माणूस धापा टाकत ‘छान, छान’ म्हणत असतो, मधेच ‘तिसऱ्या ट्रंपेटकडे बघा’ म्हणतो, आणि शेवटी जो आकडा देतो त्याचा या बोलण्याशी मेळ लागेलच असं नाही. पूर्वी स्पर्धा संपल्यावर रात्री उशिरा शिक्षक मंडळी परीक्षकांसमोर बसून आपलं गाऱ्हाणं मांडत. वकिली चांगली करणाऱ्या शिक्षकाचा पुढच्या आठवड्यात फायदा होतो, ही कुजबुज तेव्हापासूनची.

आता जॅक्सनकडे येऊ. स्टार ऑफ इंडियाना हे पैसेवाल्याचं मंडळ. उद्योजक बिल कुक यांनी ते ब्लूमिंग्टनमध्ये उभं केलं, १९८५ ला ते पहिल्यांदा मैदानात उतरलं आणि १९९१ ला विजेतं झालं. एवढ्या झटपट यशाचा राग अनेकांना होता. १९९३ ला त्यांनी बार्बर आणि बार्टोक निवडले. सूर कडवट, मैदान जवळपास रिकामं, हालचाल नृत्याच्या अंगाने जाणारी, टाळ्यांसाठी थांबण्याची जागाच नाही. प्रेक्षक गारठले. काही ठिकाणी हुर्यो उडवल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. कॅडेट्सकडे डेव्हिड होल्सिंगर यांचं संगीत, भन्नाट वेग आणि अंगावर काटा आणणारी पळापळ होती. परीक्षकांनी दोघांना जवळपास सारखंच तोललं. लोक म्हणतात, परीक्षक प्रेक्षकांना घाबरले. मला वाटतं उलट आहे. प्रेक्षकांना न आवडलेल्या कार्यक्रमाला ९७.३ देणं हे त्या शीटचं धैर्यच होतं. टिकच्या काळात असा कार्यक्रम कोणी रचलाच नसता. पण एवढ्याने मी स्टारला दुसरं ठेवायला राजी होत नाही. कॅडेट्सचा तो कार्यक्रम त्यांच्याच दहा वर्षांपूर्वीच्या शोधाचा कळस होता, तर स्टारचा पुढच्या वीस वर्षांचा पाया. माझा दशांश स्टारला.

स्टार त्यानंतर स्पर्धेत उतरलेच नाहीत. त्यांनी रंगभूमीची वाट धरली. त्यातून निघालेला ‘ब्लास्ट!’ लंडनमार्गे ब्रॉडवेवर गेला आणि २००१ चा टोनी पुरस्कार घेऊन आला. कॅडेट्सचं मंडळ २०२४ मध्ये दिवाळखोरीत बंद पडलं.

गुण सारखे झाले तेव्हा वाद मात्र कमी झाले. १९९६, १९९९ आणि २००० या तिन्ही वर्षी अजिंक्यपद विभागून गेलं, आणि लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. २००८ चं प्रकरण वेगळं. ब्लूमिंग्टनच्या मैदानावर फँटम रेजिमेंटचा ‘स्पार्टाकस’ ९८.१२५ वर, ब्लू डेव्हिल्स ९८.१०० वर. आदल्या रात्रीपर्यंत ब्लू डेव्हिल्स पुढे होते. ०.०२५ म्हणजे किती? अंतिम फेरीत एका रकान्याला दोन परीक्षक, त्यांची सरासरी, मग निमपट. एका परीक्षकाने एका रकान्यात एक दशांश इकडेतिकडे केला की उरतो तो बरोबर ०.०२५. म्हणजे एका माणसाच्या एका क्षणाच्या कौलावर वर्षाचा विजेता. इथे मात्र प्रेक्षक आणि आकडा एका बाजूला होते, म्हणून ही फट कोणाला खुपली नाही. खुपली ती फक्त ब्लू डेव्हिल्सना, आणि त्यांच्या कपाटात करंडक इतके आहेत की त्यांची कणव कोणाला येणार!

त्यांच्याच २०१४ च्या कार्यक्रमाला ९९.६५ मिळाले. तेव्हा तो विक्रम ठरला. त्याच रात्री ब्लूकोट्सचा ‘टिल्ट’ जवळपास अडीच गुणांनी मागे पडला, आणि आज लोक पुन्हा-पुन्हा काढून बघतात तो ‘टिल्ट’. ९९.६५ म्हणजे सुधारायला जागाच उरली नाही असा अर्थ कोणी घेतला तर तो शीटवर अन्याय आहे. हे गुण त्या रात्रीच्या मंडळांना एकाखाली एक लावण्यासाठी असतात. परीक्षक आधी आलेल्याला खालचा आकडा देतो, पुढच्यांसाठी वर जागा राखतो. पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढा गहजब झाला! ड्रम कोअरच्या परीक्षकाला ही मुभाच नाही. त्याच्या कागदावर कोणीतरी पहिला यायलाच हवा. म्हणून १९७६ चा विजेता २०१४ च्या विजेत्याशेजारी ठेवून वजाबाकी करणाऱ्यांना हिशेब चुकल्याचं सांगावं लागतं.

शिवाय वाद्यंही तीच राहिलेली नाहीत. १९७७ ला दोन व्हॉल्व्हची ब्यूगल, १९९० ला तीन, २००० पासून कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं, २००४ पासून मायक्रोफोन, २००९ पासून सिंथेसायझर. दर बदलाला ‘आता संपलं’ म्हणणारे होतेच. माझी तक्रार एकच. सिंथचा खर्ज इतका भरीव असतो की खालच्या ट्युबांनी काय वाजवलं ते कळत नाही, आणि ते परीक्षकालाही कळत नसणार.

जुन्या मंडळांची बाजू मांडताना आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सत्तरच्या दशकातले कार्यक्रम आपण बघतो ते दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यातून. कॅमेरा सोलो वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि मागची अख्खी आकृती हातची निसटते. मैदानात शिरलेल्या टिकवाल्याला तर आकृती कधी दिसलीच नसेल. उंच बसलेल्या परीक्षकाने जे पाहिलं त्याचं चित्रण बहुतेक वेळा शिल्लक नाही. तरीही एखाद्या जुन्या निकालावर फेरविचार करायचाच, तर आधी त्या वर्षीची शीट मागवावी, मग चित्रफीत लावावी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात.

२०२५ मध्ये १९४० पासूनचं बॉस्टन क्रुसेडर्स पहिल्यांदा या स्पर्धेचं विजेतं झालं.