पोपटीच्या मडक्यातला सलोखा

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या पुढे गडब लागतं. या भागात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल वाढतो आणि थंडीत शेंगा भरल्या की पेण-रोह्याच्या शेतांत पोपट्या, म्हणजे मडक्यात शेंगा शिजवायचे बेत, लागतात. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे अंडी नि कोंबडी, वर पुन्हा शेंगा. पाल्यानं तोंड बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी थेंबभरही नाही! शेंगांच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते आणि तिच्यातच सगळं शिजतं.

शाकाहार चांगला की मांसाहार, या वादात मला हे मडकं आठवतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, तंतू मात्र शून्य. ते शेंगांकडे भरपूर. बी-१२ जीवनसत्त्व वालात नाही, ते अंड्यात आणि कोंबडीत. म्हणून दूधही न घेणाऱ्यांना ते गोळीतून घ्यावं लागतं. आणि खरी नवलाई पुढेच आहे. वालातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, पण सोबत मांस खाल्लं की तेच लोह जास्त शोषलं जातं. कोंबडी जणू शेंगेची कुलपं उघडते!

मग वजनाचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पती-आहार आणि दोन आठवडे कमी कर्बोदकांचा, प्राणिजन्य पदार्थांवर भर असलेला आहार दिला. हवं तेवढं खायची मुभा होती. २०२१मध्ये निष्कर्ष आले: वनस्पती-आहारावर माणसं दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खात होती, तरी भुकेची तक्रार जास्त नव्हती. जेवणानंतरची रक्तातली साखर मात्र प्राणिजन्य आहारावर कमी राहिली. वजन दोन्हीकडे घटलं.

वनस्पती-आहाराचं ताट मोठं दिसतं, कारण पाणी नि तंतू जागा व्यापतात आणि घासागणिक कॅलरी कमी पडतात. पोपटीतही तेच घडतं. मडकं उलटलं की केळीच्या पानावर शेंगांचा ढीग पडतो, त्यात अंडी-कोंबडी मोजकीच. एकेक गरम शेंग सोलत, दाणा तोंडात टाकत बसावं. पोट भरतं तेव्हा समोर टरफलांचा डोंगर असतो.