एकच ओंडका दोनदा कापता येत नाही

‘एजर घेतला तर उत्पादन वाढतं का?’ हा प्रश्न स्टॉपवॉच घेऊन दोन दिवसांत सुटेल असा वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर हा किस्सा नीट वाचा. लाकडाशी तुमचा काही संबंध नसला तरी ही चूक तुमच्या विषयातही तितकीच सहज होते.

आधी यंत्रं बघू. आपल्याकडच्या आरागिरणीत करवत जागेवर असते आणि ओंडका ट्रॉलीवरून तिच्याकडे ढकलतात. पोर्टेबल सॉमिलमध्ये उलटं. ओंडका एका लांब चौकटीवर पक्का बसवतात आणि आडवी पट्टा-करवत इंजिनासकट रुळांवरून त्याच्या अंगावरून जाते. सगळं यंत्र गाडीमागे जोडून शेतावर नेता येतं. अमेरिकेत वूड-मायझर ही कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली, ती अशाच यंत्रांसाठी ओळखली जाते. माझं फील्डवर्क तिकडेच, अ‍ॅपलेशियन डोंगरपट्ट्यात चालतं. एक मालक, एक मदतनीस आणि ओकच्या ओंडक्यांचा ढीग, एवढीच ती मिल. अशी फिरती मिल मी गावाकडे कधी पाहिली नव्हती.

ओंडका गोल असतो, म्हणून त्यातून निघालेल्या फळीच्या दोन्ही बाजूंना सालीची तिरकी कड राहते. तिला वेन म्हणतात. ती कापून फळी सरळ करणं म्हणजे एजिंग. एजर नसेल तर हे काम मिलवरच करावं लागतं. फळ्या पुन्हा चौकटीवर उभ्या रचायच्या, आवळायच्या, वरून एक कड कापायची, उलटायच्या, दुसरी कापायची. सगळ्या फळ्यांची रुंदी सारखी नसते, म्हणून आधी लावालावी करायची. तेवढा वेळ मुख्य करवतीला नवा ओंडका मिळत नाही. एजर म्हणजे याच कामाचं वेगळं यंत्र. त्यात दोन गोल पाती असतात. एक बहुधा स्थिर, दुसरं हवं तेवढं सरकवायचं. फळी एका बाजूनं आत घातली की दोन्ही कडा एकाच फेरीत निघतात.

आता हिशोब. आकडे समजुतीपुरते घेतलेत. समजा, एका ओंडक्याला मिलवर ६० मिनिटं लागतात. त्यातली ४० फळ्या काढायला, २० कडा काढायला. एजर आला, त्यावर दुसरा माणूस उभा केला, तर मिल दर ४० मिनिटांनी मोकळी होते. उत्पादन दीडपट! पण हे कशाच्या मानानं? पूर्वी एकटा माणूस काम करत असेल तर एका ओंडक्याला ६० मनुष्य-मिनिटं लागायची, आता दोन माणसांची मिळून ८० लागतात. म्हणजे यंत्राच्या तासामागे उत्पादन वाढलं, माणसाच्या तासामागे घटलं. पूर्वीही मदतनीस नुसता शेजारी उभा असायचा असं धरलं, तर १२० वरून ८० वर आलो, दोन्हीकडे फायदा. आणि एकट्यानंच मिल आणि एजर दोन्ही चालवले, एजरवर ८ मिनिटं गेली, तर ६० ची ४८ झाली, सव्वापट. यंत्र तेच, लाकूड तेच, उत्तरं तीन. भागाकारात खाली काय ठेवायचं हे मोजणी सुरू करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. नंतर ठरवलंत तर आपोआप सर्वांत गोड उत्तर देणाराच छेद निवडला जातो. मी निवडला होता.

दुसरी मोजणी लाकडाची. अनेकांना वाटतं की एजरची पाती जाड, साधारण ५ मिमी, आणि पट्टा-करवतीचा काप २ मिमीच्या आसपास, म्हणजे एजर लाकूड भुशात घालवतो. रुंद फळीच्या दोन फळ्या करायच्या असतील तर हे खरं आहे. एरवी तो जादा भुसा सालीच्या त्या पट्टीतूनच जातो, जी शेवटी जळणातच जाणार असते.

खरं नुकसान रुंदी ठरवताना होतं. ४० सेमी व्यासाचा ओंडका घ्या. वरून ३० मिमी खोलीवर पहिला काप दिला आणि त्याखाली २५ मिमी जाडीची फळी काढली. खोली गुणिले (व्यास वजा खोली), त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट, इतकी त्या खोलीवरची रुंदी. फळीची वरची बाजू सुमारे २१० मिमी येते, खालची २७५. करून बघा. यातून २०० मिमीची स्वच्छ फळी निघते, पण फक्त १० मिमी हाताशी राहतात. खरा ओंडका एका टोकाला निमुळता आणि मध्ये वाकडा असतो. एजरवरच्या माणसाला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. शंका आली की तो पातं १५० वर आणतो. फळीचा चौथा हिस्सा गेला! व्हर्जिनिया टेकमध्ये हार्डवूड मिलच्या एजिंगवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं होतं की नजरेच्या अंदाजानं लोक गरजेपेक्षा जास्त कापतात, तेही प्रतवारीच्या नियमांत थोडी वेन चालत असताना.

आता माझी चूक. पहिला आठवडा एजरशिवाय, दुसरा एजरसह, असं मी मोजलं. फरक इतका सुंदर आला की मी आलेखाचे रंगही ठरवून टाकले. गाइडनी एकच विचारलं, “ढीग कसा रचला होता?” बारीक ओंडके पुढे होते, ते पहिल्या आठवड्यात संपले. दुसऱ्या आठवड्यात आले ते जाडजूड, आणि जाड ओंडक्यातून फळीचं प्रमाण तसंही जास्त निघतं. भरीला सोमवारी करवतीला नवं पातं चढवलेलं. तिसरा आठवडा मी आकडेमोड करून हे ‘दुरुस्त’ करण्यात घालवला. ते होणारच नव्हतं, कारण पहिल्या आठवड्यात जाड ओंडका एकही नव्हता आणि दुसऱ्यात बारीक एकही नाही. तुलना कोणाशी करणार?

अडचण मुळातली आहे. जो ओंडका एजरशिवाय कापला तोच एजरसह कापून बघता येत नाही. औषधाच्या चाचणीतही हेच असतं. तोच रुग्ण त्याच दिवशी औषध घेतलेला आणि न घेतलेला असू शकत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला मी जोड्या लावल्या. जात तीच, लांबी तीच, बारीक टोकाचा व्यास जवळजवळ सारखा. जोडीतला कोणता ओंडका एजरला जाणार हे नाणं उडवून ठरवायचं, आणि जोडीतले दोन्ही त्याच दिवशी, त्याच पात्यावर कापायचे. काम कंटाळवाणं आहे. मालकांना ढीग उपसायला लावताना लाज वाटते, तरी लावायचा.

एक पळवाट मात्र आहे. ओंडका दोनदा कापता येत नाही, पण कापण्याआधी मोजता येतो. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत हॅलॉक आणि लुईस यांनी १९७१ मध्ये ‘बेस्ट ओपनिंग फेस’ मांडलं, ते याच वाटेनं. पहिला काप कुठे द्यावा हे शोधायला त्यांनी ओंडका कॉम्प्युटरवर गणितात कापला, हवा तितक्या वेळा. मी त्याची गरिबाची आवृत्ती केली. प्रत्येक फळीवर खडूनं नंबर, एजिंगच्या आधी दर ५० सेमीवर दोन्ही बाजूंची रुंदी. मग माणसानं काय कापलं आणि जास्तीत जास्त काय निघालं असतं, हे त्याच फळीवर शेजारी-शेजारी ठेवता येतं. इथे जोडीचीही गरज नाही.

हे करताना एक गोष्ट अजिबात विसरू नका. एजर कधीकधी कापलेली पट्टी उलटी, आत घालणाऱ्याच्या दिशेनं, भाल्यासारखी फेकतो. ती अडवायला आत दाते असतात, पण त्यांच्यावर विसंबायचं नाही. वही घेतलेला निरीक्षक नेमका फळीच्या रेषेत उभा राहतो, कारण तिथून सगळं छान दिसतं. मी उभी होते. मालक एवढ्या जोरात ओरडले की स्टॉपवॉच हातातून पडलं.

त्याच दिवशी जेवताना मी त्यांना विचारलं, उत्पादन वाढेल की नाही हे माहीत नसताना तुम्ही एजर घेतलात का? ते म्हणाले, कंबरेसाठी. ओल्या ओकची फळी खाली उतरवायची, परत चौकटीवर चढवायची, उलटायची, पुन्हा उतरवायची, हे त्यांना साठीत झेपेना. माझ्या तक्त्यात यासाठी कॉलमच नव्हता. आता आहे: ‘फळी किती वेळा उचलली’.