आठवी ओलांडताना

हायस्कूलचे मोल इमारतीवरून करण्याचा आपला प्रघात आहे. राळेगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात खरी कसोटी निराळीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वयापुरतेच आहे. शाळेतील दुपारचा आहारही आठवीनंतर थांबतो. नेमक्या याच वयात मुलांचे हात वेचणीच्या कामी येऊ लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास नववीचे बाक रिकामे पडण्याची धास्ती असते. म्हणून खेड्यांतील मुलींना मिळणारा एस. टी.चा मोफत पास प्रयोगशाळेइतकाच मोलाचा. ग्रंथालय, क्रीडांगण हवेच. पण मुलगी शाळेत पोहोचली तरच त्यांचा उपयोग. तेव्हा श्रोतेहो, शाळेचा निकाल विचारताना नववीत आलेल्यांपैकी दहावीच्या परीक्षेला किती बसले, हेही विचारीत चला.