सागरतीरींचें कलामंदिर

प्रत्येक मोठ्या नगरास स्वतःची अशी एक तरी खूण असते. परगांवाहून पाहुणा आला म्हणजे आपण त्यास ती मोठ्या कौतुकानें दाखवितों. मुंबईच्या बाबतींत बोरीबंदरचें स्थानक, राजाबाईचा मनोरा व गेटवे ह्या खुणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. दुरून पाहतांच त्या ओळखूं येतात व पाहणाराचें समाधान होतें. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोंकास नरिमन पॉइंट येथें उभें असलेलें ‘एन. सी. पी. ए.’, म्हणजे प्रयोगकलांचें राष्ट्रीय केंद्र, ही मात्र निराळ्या जातीची खूण आहे. तिची थोरवी डोळ्यांस चटकन् पटत नाहीं. ती कानांनीं पारखावी लागते. म्हणूनच कीं काय, ह्या वास्तूवरून रोज जाणारांपैकीं पुष्कळांनीं तिचा उंबरठा कधींच ओलांडलेला नसतो.

ह्या संस्थेचा जन्म 1969 सालचा. तिची मूळ कल्पना जमशेद भाभा ह्यांची. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा ह्यांचे हे धाकटे बंधु. संगीत व चित्रकला ह्यांची आवड दोघां भावांस घरांतूनच लाभली होती. आपल्या देशांतील संगीत, नृत्य व नाट्य ह्या कला बहुतांशीं गुरुमुखानें चालत आलेल्या. गुरूबरोबर विद्या लोपण्याचें भय नेहमींचेंच. तेव्हां ह्या कलांचें जतन व्हावें, त्यांचें ध्वनिमुद्रण व अभ्यास व्हावा आणि त्यांस साजेसें रंगमंदिर असावें, असा जमशेदजींचा हेतु होता. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं त्यांस पाठबळ दिलें. आरंभीं भुलाभाई देसाई मार्गावरील एका लहानशा जागेंत काम चालूं झालें. पुढें नरिमन पॉइंट येथें समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर आजच्या वास्तु उभ्या राहिल्या.

त्यांतील पहिलें मोठें मंदिर म्हणजे 1980 सालीं उघडलेलें टाटा थिएटर. त्याचा आराखडा अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन ह्यांनीं केला आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस ह्यांनीं पाहिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसची ध्वनियोजनाहि हॅरिस ह्यांचीच. येथें मात्र त्यांच्यापुढें निराळाच प्रश्न होता. पाश्चात्य वाद्यवृंदास मोठें दालन लागतें, व सूर थोडा वेळ घुमत राहिला तर त्यास शोभाच येते. आपल्या गवयाचें तसें नाहीं. तंबोऱ्याच्या झंकारावर रेंगाळणारी मींड, आलापींतील एखादी बारीक श्रुति, तबल्यावरील बोटांची हलकी थाप, हें सर्व स्पष्ट ऐकूं आलें पाहिजे. मागचा सूर घुमत राहिला तर पुढच्या सुराचें सौंदर्य झांकलें जातें. शिवाय आपली मैफल समोरासमोरची. गवई श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गातो व श्रोत्यांची दाद त्याच्या गाण्यांत मिसळते.

ह्याकरितां सुमारें 1,000 आसनांची बैठक रंगमंचाभोंवतीं पंख्यासारखी पसरून मांडली आहे. त्यामुळें शेवटच्या ओळींतील श्रोताहि गायकापासून फार दूर जात नाहीं, आणि ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावांचून उघडा आवाज सर्वत्र पोंचावा अशी योजना साधली आहे. गिरगांवांतील लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणीं बसून ज्यांनीं मैफली ऐकल्या, त्यांस उघड्या आवाजाची गोडी सांगावयास नको. परंतु आज घरांतील मुलांच्या कानांवर जें संगीत पडतें तें बहुधा यंत्रांतून गाळून आलेलें असतें. मनुष्याचा कंठ स्वतःच्या बळावर एवढें मोठें दालन भरून टाकूं शकतो, हा अनुभव त्यांस अशाच ठिकाणीं येण्याचा संभव.

मराठी माणसाचा ह्या संस्थेशीं संबंध केवळ श्रोत्याचा नाहीं. पु. ल. देशपांडे हे येथें मानद संचालक होते. विजया मेहता ह्यांनीं कार्यकारी संचालक ह्या नात्यानें संस्थेची धुरा वाहिली. संगीतशास्त्राचे व्यासंगी अभ्यासक डॉ. अशोक रानडे ह्यांनीं येथें बसून संगीत व रंगभूमि ह्यांसंबंधीं संशोधन केलें. 1986 सालीं सुरू झालेलें सुमारें 300 आसनांचें प्रायोगिक नाट्यगृह तर मराठी रंगकर्मींस विशेष जिव्हाळ्याचें. तेथें आसनें हवीं तशीं हलवितां येतात. नट व प्रेक्षक ह्यांमधील अंतर प्रत्येक नाटकाच्या गरजेप्रमाणें ठरतें. ‘प्रतिबिंब’ नांवाचा मराठी नाट्योत्सवहि ह्याच संस्थेचा.

संस्थेच्या चरित्रांतील सर्वांत हृद्य भाग मात्र उतारवयांतील धैर्याचा आहे. ऑपेरा, बॅले व मोठीं नाटकें ह्यांसाठीं जमशेदजींनीं आणखी एक भव्य रंगमंदिर उभारण्यास घेतलें होतें. तें पूर्ण होत आलें असतां 1997 सालीं आग लागून त्याची मोठी हानि झाली. जमशेदजींनीं तेव्हां ऐंशी ओलांडली होती. त्या वयांत आपण हातांतील कामें मुलांवर सोंपवून देवाचें नांव घेत बसतों, व त्यांत गैर असें कांहींच नाहीं. जमशेदजींनीं मात्र पुन्हां बांधकाम चालूं केलें व 1999 सालीं रंगमंदिर उघडलें. आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. मलबार हिलवरील जुन्या पेटिट हॉलचा संगमरवरी जिना त्यांत बसविला आहे. 2006 सालीं येथेंच ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं, 2007 सालीं, जमशेदजी निवर्तले.

आतां एक गाऱ्हाणें, जें घरोघर ऐकूं येतें, तें टाळून चालणार नाहीं. हें मंदिर शहराच्या अगदीं टोंकास आहे, आणि मराठी कुटुंबें तर गिरगांव सोडून पार्लें, बोरिवली, ठाणें, डोंबिवलीपर्यंत पसरलीं. प्रयोग संपल्यावर लहान मुलें व वृद्ध माणसें घेऊन रात्रीं आगगाडीनें परतावयाचें, म्हणजे घरच्या गृहिणीची केवढी तारांबळ! त्यांतून चार-सहा माणसांच्या तिकिटांचा खर्च. “तो श्रीमंतांचा शौक आहे,” असें मग घरांतील वडील मंडळी म्हणतात. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं, आणि अंतर व खर्च ह्या दोन्ही अडचणींचा विचार संस्थेनेंहि करीत राहिलें पाहिजे.

तथापि सर्व दोष संस्थेच्या माथीं मारणेंहि न्यायाचें नव्हे. लग्नमुंजींत आपण एका दिवसांत जें उधळतों, त्याचा लहानसा अंश वर्षभर बाजूस ठेविला तर एका उत्तम मैफलीस सारें घर जाऊं शकेल. सर्वांनीं एकदम जाणें जमत नसेल, तर पाळीपाळीनें जावें. ह्या खेपेस आजोबा व नात, पुढच्या खेपेस सासू-सून. येथून परतल्यावर घरांत त्या गाण्याची चर्चा व्हावी, तरुणांनीं नव्या नाटकाची बाजू मांडावी व वडिलांनीं ती शांतपणें ऐकून घ्यावी.

धनिकांच्या औदार्यानें इमारत उभी राहते. पण तिच्यांतील आसनें भरण्याचें काम धनिकांचें नव्हे, तुमचें-आमचें आहे. जाणता श्रोता सहसा एका पिढींत घडत नाहीं. तो घरांतच घडवावा लागतो. पाहुण्यास ही वास्तु रस्त्यावरून दाखविण्यापूर्वीं घरांतील एका तरी मुलास तिच्यांत नेऊन बसवावें, एवढीच आमच्या वाचकांस विनंति.