मेंदूचे दोन गोलार्ध आणि एक गैरसमज

“सर, छिन्नमनस्क मनुष्य म्हणजे एका देहात दोन माणसे, हे खरे काय?” असा प्रश्न गतवर्षी एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला. तो निव्वळ कुतूहलाचा नव्हता. त्याच्या घरचेच एक माणूस या व्याधीने पीडित होते. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. तेव्हा प्रथम शब्दाकडेच वळलो.

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक शब्दांवरून घडविला. विचार, भावना आणि आकलन यांची सांगड सुटणे, असा त्यांचा आशय होता. दोन व्यक्तिमत्त्वांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता मेंदूकडे पाहू. त्याचा डावा गोलार्ध उजव्या हाताचे नियंत्रण करतो आणि उजवा डाव्या हाताचे. दोहोंना ‘कॉर्पस कॅलोझम’ नावाचा सुमारे २० कोटी तंतूंचा सेतू जोडतो. दृष्टी समोर खिळलेली असता डाव्या बाजूस चमकलेला प्रकाश प्रथम उजव्या गोलार्धास कळतो. डाव्या हाताने कळ दाबावयाची असल्यास आज्ञा तेथूनच सुटते. उजव्या हाताने दाबावयाची असल्यास निरोपाला सेतू ओलांडावा लागतो. या दोन वेळांतील फरक म्हणजे सेतू ओलांडण्यास लागणारा काळ, ही युक्ती १९१२ साली पॉफेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने योजिली. निरोगी माणसांत हा फरक सेकंदाच्या एक हजार भागांपैकी अवघे ३ ते ४ भाग भरतो.

मेंदूतील विद्युत्तरंग मोजणाऱ्या प्रयोगांत असेही दिसले की, निरोगी माणसांत उजवीकडून डावीकडे जाणारा निरोप उलट दिशेच्या निरोपाहून शीघ्र पोहोचतो. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवरील काही प्रयोगांत मात्र हा भेद आढळला नाही. तंतूंवरील मायेलिन नामक स्निग्ध आवरणामुळे निरोपाला वेग येतो. रुग्णांत या तंतूंच्या रचनेतही फरक आढळले आहेत. तथापि सर्व प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि केवळ या मापावरून कोणाच्याही रोगाचे निदान होत नाही.

त्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सांगितले : “बाळ, तुझ्या घरी दोन माणसे नव्हेत, एकच आजारी माणूस आहे.” जगात सुमारे ३०० जणांमागे एकास हा आजार असतो. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे. औषधोपचाराने आणि आप्तांच्या आधाराने पुष्कळ रुग्ण सावरतात. मित्रहो, अशा माणसास हसण्यापूर्वी हे आठवा.