बाहीवरच्या तीन फिती

गडमुडशिंगीत पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. बाहीवर तीन फिती दिसल्या की आपण सरसकट ‘हवालदार’ म्हणतो. पायदळात ते बरोबर आहे. शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि मग हवालदार. रणगाडा दलात मात्र याच हुद्द्याला दफादार म्हणतात. हवाई दलात तो सार्जंट, नौदलात पेटी ऑफिसर. महाराष्ट्र पोलिसांतही हवालदाराला तीन फिती असतात, पण ते खातं वेगळं, त्याची तुलना सैन्याशी करू नका.

हवालदाराच्या वरचा नायब सुभेदार हा जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. फितींचा कारभार तिथे संपतो आणि खांद्यावर तारा येतो.

हा हुद्दा इंग्रजांनी आणला असं समजू नका. शिवकालीन पायदळात नऊ पाईकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक. गडाचा हवालदार तर आणखी मोठा माणूस, किल्ल्याच्या चाव्या त्याच्याकडे!

आजही कंपनीचं शिधा-कपड्यांचं कोठार सांभाळायला ‘कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार’ असतो. कारकुनी वाटते ना नेमणूक? १९६५ मध्ये असल उत्तरला जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद याच नेमणुकीवर होते.

गावातल्या निवृत्त हवालदारांनो, तुमची पलटण आणि नेमणूक खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.